कासव फ्रिजमध्ये ठेवताय? थांबा!

डिसेंबर आला की एका ठरावीक प्रकारची रील्स फीडमध्ये यायला लागतात. एक हात छोटा फ्रिज उघडतो. आत दूध नाही, अंडी नाहीत, कालची उरलेली भाजी नाही. पाण्याच्या चार बाटल्या, एक थर्मामीटर आणि झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा. डब्यात माती आणि मातीत कासव. हात ते कासव उचलतो, किचनच्या काट्यावर ठेवतो, वहीत आकडा लिहितो. कासव परत डब्यात, दार बंद. पंधरा सेकंदांत खेळ खलास.

खाली कमेंट्सचा पाऊस. अर्धे जण ‘याला आत टाका’ म्हणून भडकलेले, उरलेल्या अर्ध्यांना ते भयंकर क्यूट वाटलेलं. माझी नजर अडकली ती मात्र वेगळ्याच एका कमेंटवर. आपल्याकडचीच कुणीतरी मुलगी मैत्रिणीला टॅग करून विचारत होती, ‘आपल्या पिंकूला पण ठेवूया का गं? थंडी पडल्यापासून काही खातच नाहीये.’

तिला एका शब्दात उत्तर द्यायचं तर ‘नको’. पण नुसतं ‘नको’ म्हटलं की आपण ऐकतो थोडंच! म्हणून हा लेख.

आधी पिंकू कोण ते बघू. मराठीत आपण सगळ्यांनाच कासव म्हणतो. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले हे कासव, शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर बसलेलं दगडी तेही कासव आणि अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून आणलेलं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं बशीएवढं पिल्लू तेही कासवच. हे लाल पट्टेवालं म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. शहरातल्या फ्लॅटमध्ये पाळलेलं कासव बहुतेक वेळा हेच असतं. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, पाण्यात राहणारं. तिकडच्या कडक थंडीत ते तळ्याच्या तळाशी निपचित पडून राहतं हे खरं आहे. पण डोंबिवलीच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत ना तशी थंडी असते, ना त्याला तशा विश्रांतीची गरज. पुण्या-नाशिकच्या गारठ्यात त्याचं खाणं कमी होतं, कारण टाकीतलं पाणी गार झालेलं असतं. त्याला हवा पाण्याचा हीटर आणि पाण्याबाहेर येऊन अंग शेकायला दिव्याखाली कोरडी जागा. तरी खाईना, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार करणारा डॉक्टर गाठायचा, फ्रिज नाही. आणि कंटाळा आला म्हणून गावच्या तलावात तर अजिबात सोडायचं नाही. बाहेरून येऊन स्थानिक जिवांच्या मुळावर उठणाऱ्या जगातल्या १०० सर्वांत वाईट प्रजातींची एक यादी आहे, तिच्यात या गोंडस पिल्लाचं नाव आहे.

दुसरी शक्यता अशी, की पिंकूच्या काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या आहेत. मग मामला गंभीर. ते भारतीय स्टार कासव. ‘घरात ठेवलं की पैसा येतो’ या समजुतीपायी पकडलं जाणारं, बॅगांमध्ये कोंबून परदेशी पाठवलं जाणारं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. म्हणजे ते पाळणं हा गुन्हा आणि शिक्षा किमान तीन वर्षांची कैद. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी. शिवाय हे कोरड्या, उष्ण प्रदेशातलं कासव. त्याचा सीझन पावसाळा. थंडीत ते मंदावतं, पण फ्रिजमध्ये महिनोन् महिने काढायला त्याचं शरीर बनलेलंच नाही. घरात, शेजारी, कुठे दिसलं तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

मग रीलमधलं कासव कोण? आणि तो फ्रिजवाला माणूस क्रूर कसा नाही?

झोप नव्हे, बंद पडत आलेलं घड्याळ

ही पद्धत प्रामुख्याने ब्रिटन आणि युरोपातली. तिथे पाळली जाणारी हरमन्स, स्पर-थाइड, मार्जिनेटेड ही कासवं भूमध्य समुद्राच्या आसपासची आणि हॉर्सफील्ड्स हे मध्य आशियातलं. जमिनीवर चालणारी, गवत-पाला खाणारी. त्यांच्या मूळ मुलखात हिवाळा येतो तेव्हा ती स्वतःला जमिनीत पुरून घेतात आणि वसंतात बाहेर येतात. याला ब्रुमेशन म्हणतात. लॅटिनमधल्या ‘ब्रुमा’ म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसावरून आलेला शब्द. तिथले पाळणारे अजून सर्रास हायबरनेशनच म्हणतात. आपण पुस्तकात शीतनिद्रा शिकलो, पण निद्रा हा शब्द जरा फसवा आहे.

झोपेत आपलं शरीर चालू असतं. सकाळी उठलो की ताजेतवाने. कासवाचं तसं नाही. त्याला अंगची ऊब नाही, बाहेरचं तापमान तेच त्याचं तापमान. बाहेर ५ अंश, तर आतही ५ अंश. हृदय मिनिटाला मोजके ठोके देतं. पचन पूर्ण बंद, प्रतिकारशक्ती जवळपास बंद. त्या काळात जगायला दोनच गोष्टी हाताशी: अंगात साठवलेली चरबी आणि मूत्राशयात साठवलेलं पाणी. हो, मूत्राशयात. कासव तिथलं पाणी परत शरीरात ओढून घेतं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

इंग्रजांना या प्रकाराचं वेड जुनं. गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक पाद्री हॅम्पशायरमधल्या सेलबोर्न गावात राहायचा. निसर्गाची निरीक्षणं लिहून ठेवायची त्याला भारी हौस. १७८० मध्ये आत्या वारली आणि तिचं कासव, नाव टिमथी, त्याच्याकडे आलं. मार्च महिना, टिमथी जमिनीत गाडलेला. व्हाइटने त्याला उकरून काढला आणि घोडागाडीतून ८० मैल आणला. धक्क्यांनी तो जागा झाला, नव्या बागेत दोन फेऱ्या मारल्या आणि संध्याकाळी गारठा पडल्यावर परत जमिनीत. व्हाइट त्याचं वजन करायचा, त्याला ऐकू येतं का हे बघायला भोंग्यातून ओरडायचासुद्धा. सगळं वहीत. त्याचं १७८९ सालचं सेलबोर्नवरचं पुस्तक आजही वाचलं जातं. टिमथी मालकाच्या मागे वर्षभराने गेला, त्याचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. आणि तपासल्यावर कळलं काय, तर टिमथी मादी होती.

थांबा, अजून आहे. डेव्हनमधल्या पॉवडरहॅम कॅसलमध्ये दुसरा टिमथी होता. क्रिमियन युद्धाच्या काळात ब्रिटिश युद्धनौकेवर राहिलेला, २००४ मध्ये सुमारे १६० वर्षांचा होऊन वारला. तोही ती निघाला. आणि बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात १९६३ मध्ये आलेला फ्रेड? त्याची पुढे फ्रीडा झाली. आपली मराठी शहाणी म्हणायची. ते कासव. प्रश्नच मिटला.

या ‘ब्लू पीटर’ने ब्रिटनच्या दोन-तीन पिढ्यांना कासव झोपवायला शिकवलं. शरद ऋतूत स्टुडिओत खोकं यायचं, त्यात पेंढा भरायचा, कासव आत, झाकण बंद, वसंतात भेटू. घरोघरी मुलं तेच करायची. त्या काळात उत्तर आफ्रिका, तुर्कस्तान, ग्रीस, युगोस्लाव्हियातून जहाजं भरभरून कासवं यायची आणि पेटशॉपमध्ये किरकोळ किमतीला विकली जायची. वाईट भाग असा, की त्यांतली कितीतरी पहिल्याच हिवाळ्यात मरायची. प्रवासात उपाशी, आजारी झालेली कासवं तशीच खोक्यात जायची. गॅरेजमध्ये एक दिवस बर्फाळ, एक दिवस ऊबदार. शेडमध्ये उंदीर येऊन निपचित कासवाचे पाय कुरतडायचे. मार्चमध्ये मुलं झाकण उघडायची आणि आत... असो. १९८४ मध्ये भूमध्य प्रदेशातल्या कासवांच्या व्यापारी आयातीवर बंदी आली. आज तिथे विकत मिळणारी बहुतेक कासवं पिंजऱ्यातच जन्मलेली असतात आणि यांतल्या हरमन्ससारख्या प्रजाती विकायला सरकारी प्रमाणपत्र लागतं.

फ्रिज आला तो या सगळ्या मरणांतून धडा घेऊन. म्हणजे रीलमधला माणूस आगाऊपणा करत नाहीये. तिथले प्राण्यांचे डॉक्टर सांगतात तेच तो करतोय. फरक एवढाच, की रीलमध्ये शेवटचे पंधरा सेकंद दिसतात. आधीचे तीन महिने कोण दाखवणार!

उपाशी ठेवण्याचं शास्त्र

तयारी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. आधी डॉक्टर. डोळे, तोंड, नाक बघायचं, जंत तपासायचे. नाक वाहतंय, डोळे सुजलेत, उन्हाळ्यात आजारपण झालंय, तर त्या वर्षी ब्रुमेशन रद्द. हिवाळाभर दिव्याखाली जागं ठेवायचं. एक वर्ष झोप चुकली म्हणून कासव मरत नाही. आजारी असताना झोपवलं तर मरू शकतं.

मग वजन. डॉ. ऑलिफंट जॅक्सन या ब्रिटिश पशुवैद्यकाने १९८० मध्ये बऱ्याच कासवांची वजनं आणि कवचाची लांबी मांडून एक आलेख दिला. इतक्या लांबीला इतकं वजन म्हणजे ठीक, त्याखाली धोका. अनेक वर्षं पाळणाऱ्यांनी तो भिंतीवर चिकटवून ठेवला. पण तो हरमन्स आणि स्पर-थाइडपुरताच आहे, गोलमटोल हॉर्सफील्ड्सला लावला तर उत्तर चुकतं. पोटात अंडी असतील किंवा अंगात पाणी साचलं असेल तरी काटा खुशाल ‘उत्तम’ दाखवतो. म्हणून डॉक्टर आधी, आलेख नंतर.

आणि मग येतो सगळ्यांत अवघड टप्पा, उपास. फ्रिजच्या आधी लहान कासवाला साधारण दोन आठवडे, मोठ्याला तीन ते चार आठवडे खायला द्यायचं नाही. ऐकायला भयानक वाटतं. आपल्याकडे तर माया म्हणजे खाऊ घालणं. ‘झोपणार आहे बिचारं, दोन पानं जास्त खाऊ दे’ असं आपल्या प्रत्येक आजीने म्हटलं असतं. आणि तीच दोन पानं त्याला मारतील. कारण कासवाचं पचन उबेवर चालतं. गारठ्यात आतड्यातलं अन्न पुढे सरकत नाही, पचत नाही, तिथेच सडतं. त्यातून वायू होतो, जंतू वाढतात आणि त्यांच्याशी लढायला प्रतिकारशक्ती तर रजेवर.

उपास म्हणजे नुसतं ताट काढून घेणं नव्हे, ही यातली खरी गोम आहे. अन्न बंद, पण ऊब मात्र सुरुवातीला चालूच ठेवायची. नाहीतर पोटात आहे ते बाहेर कसं पडणार? रोज किंवा एक दिवसाआड कोमट पाण्याच्या उथळ टबात पंधरा-वीस मिनिटं बसवायचं. हनुवटीपर्यंत पाणी. त्यात ते शी करतं, शू करतं आणि पोटभर पाणी पितं. आतडं रिकामं, मूत्राशय भरलेलं, हे हवंय. शेवटच्या काही दिवसांत दिव्याचे तास आणि उष्णता हळूहळू कमी करायची. एकदम स्विच बंद करायचा नाही.

५ अंश म्हणजे ५ अंश

फ्रिज वेगळा लागतो. घरचा नाही, कारण तो दिवसातून पन्नास वेळा उघडतो. फ्रीझरचा कप्पा नसलेला छोटा फ्रिज आधी काही आठवडे रिकामा चालवून बघायचा. त्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवायच्या, म्हणजे तापमान झटकन वरखाली होत नाही. लक्ष्य ५ अंश, ३ ते ७ चालतं. शून्याच्या जवळ गेलं की डोळ्यांना इजा होऊन कासव आंधळं होऊ शकतं. १० च्या वर गेलं की शरीर अर्धवट जागं होतं, साठवलेली चरबी जाळायला लागतं आणि खायला तर काहीच नसतं. कधी कधी तर झोपेपेक्षा ही अर्धी जागच जास्त घातक. ब्रिटनच्या बागेत कासव स्वतःच पुरून घेतं तेव्हा हाच घोळ होतो. तिथला हिवाळा लांब, ओला आणि मधेच लहरीपणे उबदार.

आणि श्वास? चालू असतो, अगदी संथ. म्हणून रोज किंवा निदान आठवड्यातून दोन-तीनदा दार उघडून हवा बदलायची. पहिल्यांदा झोपणाऱ्या पिल्लाला तीन-चार आठवडे पुरे, मोठ्याला आठ ते बारा.

माझं वैयक्तिक मत विचाराल, तर ज्या प्राण्याला जगवायला वेगळा फ्रिज लागतो तो त्या देशात आणायलाच नको होता. पण आणलेली कासवं पन्नास-पन्नास वर्षं जगतात. ती आता कुणाच्या तरी घरात आहेतच. मग कुणीतरी दार उघडून वजन करायलाच हवं.

असं वजन करणारी एक जण मला माहितीये. आमच्या डिपार्टमेंटची सिनियर ताई मास्टर्ससाठी लेस्टरला आहे. तिच्या घरमालकीणबाईंकडे चाळीस वर्षांपासून एक हरमन्स कासव आहे, नाव बटन. गेल्या हिवाळ्यात बाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि बटन ताईच्या गळ्यात पडलं. बदल्यात भाड्यात सूट.

‘फ्रिजवर कागद चिकटवलेला,’ ताई व्हिडिओ कॉलवर सांगत होती. ‘सकाळ-संध्याकाळ तापमान लिही. रोज एक मिनिट दार उघड. रविवारी वजन कर. आणि खाली लाल पेनाने: तीन गोष्टींपैकी एक जरी झाली तरी लगेच उठव. तापमान १० च्या वर राहिलं, वजन इतक्या ग्रॅमच्या खाली गेलं किंवा डबा ओला दिसला. मला वाटलं, डबा कशाला ओला होतोय!’

निरोगी कासवाचं वजन महिन्याला साधारण एक टक्क्याने उतरतं. बटन फ्रिजमध्ये गेलं तेव्हा १,२४० ग्रॅम होतं. आठ आठवड्यांत १,२१८. म्हणजे अगदी शिस्तीत. नवव्या रविवारी काट्यावर आकडा आला १,१७७. ताईने काटा पुसून परत ठेवला. १,१७७. मग तिने डब्यातली माती चाचपली. ओली.

‘बटन दिसायला जसंच्या तसं होतं गं. डोळे मिटलेले, पाय आत. मी म्हटलं, शू तर केलीये, त्यात काय एवढं, पुसून ठेवते परत. शनिवारी असाइनमेंट होती माझी. पण त्या लाल पेनाची भीती वाटली, म्हणून बाईंना फोन केला. त्या हॅलोसुद्धा म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, बाहेर काढ आणि पाणी कोमट कर.’

आता मूत्राशयाचा तो तपशील आठवा. कासवाने शू केली म्हणजे नुसती शू नाही, त्याची पाण्याची अख्खी टाकी गेली. परत भरता येत नाही, कारण या अवस्थेत ते पाणी पीत नाही. रक्तात साचलेली घाण मूत्रपिंडं पातळ करू शकत नाहीत. आणि बाहेरून सगळं शांत दिसतं. एकूण वजन दहा टक्क्यांच्या आत असलं तरी उठवायचंच. परत झोपवायचं नाही.

डबा आधी काही तास घरातल्या गार खोलीत ठेवायचा, मग उबदार खोलीत, मग दिव्याखाली. आणि खाण्याच्या आधी पाणी. हे क्रमाने महत्त्वाचं. ताईने बटनला टबात ठेवलं, तर त्याने मान लांब करून तोंड पाण्यात बुडवलं आणि वरच काढेना. ‘मला वाटलं बुडालं! ते पीत होतं. घशाची हालचाल दिसत होती फक्त. मी मोबाइल बघितला, सात मिनिटं झाली होती.’

उठल्यावर आठवडाभरात कासवाने खायला लागायला हवं. नाही खाल्लं, तोंडात पांढरट चट्टे दिसले, नाकातून पाणी आलं, तर ‘हळूहळू खाईल’ म्हणत वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा. बटन पहिले तीन दिवस दिव्याखाली नुसतं बसून राहिलं. रोज आंघोळ, रोज पाणी. ताईने यूट्यूब बघून बघून डोकं फिरवून घेतलं. चौथ्या दिवशी तिने बाजारातून आणलेलं रॉकेटचं पान समोर धरलं, बटनने बघितलंसुद्धा नाही. मग ती हातमोजे घालून मागच्या अंगणात गेली, भिंतीच्या कडेला उगवलेली डँडेलियनची दोन पानं शोधून आणली. एक पान त्याने खाल्लं. दुसरं तुडवलं.

बाहेर जानेवारी, घरात ३० अंशांचा दिवा. एप्रिलपर्यंत तो रोज चालू ठेवावा लागला. विजेचं बिल बाईंनी भरलं, आणि ताईचं भाडं अजून थोडं कमी केलं.